नवीन घरात आल्यापासून बंडू दिवाणाखालून बाहेरच येत नाही – मदत हवी आहे

पागोळी | १२ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमची डोंबिवलीची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. १ जुलैला आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात आलो, अकराव्या मजल्यावर. बंडू आमचा बोका, सहा वर्षांचा, नसबंदी झालेला. डोंबिवलीला तळमजला होता. पहाटे दूधवाला आला की हा मागच्या दाराने बाहेर पडायचा, कुंपणाच्या भिंतीवरून एक फेरी मारायचा, तुळशीपाशी उन्हात बसायचा आणि आठ वाजता नाश्त्याला हजर. सहा वर्षांत हा नेम चुकला नाही.

इथे आल्यापासून तो दिवाणाखाली आहे, अगदी भिंतीच्या कोपऱ्यात. आम्ही झोपलो की रात्री बाहेर येतो, चार घास खातो आणि परत आत जातो. वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायचं काम चालू आहे. ड्रिल सुरू झालं की त्याचे कान डोक्याला चिकटतात, डोळे नुसते काळे दिसतात आणि अंगाचा गोळा होतो. पोट चाटून चाटून तिथले केस गेलेत, गुलाबी कातडी दिसते. काल यांनी त्याला बाहेर काढायला हात घातला तर मनगटापर्यंत ओरबाडलं. बंडूने आजवर कुणाला नख लावलं नव्हतं. शिवाय दोनदा सासूबाईंच्या गादीवर लघवी केली.

सासूबाई म्हणतात, "कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला. त्याला डोंबिवलीला सोडून या, तो तिथेच बरा." त्या रागाने नाही म्हणत, त्यांचाही जीव आहे त्याच्यात. पण मला हे ऐकवत नाही. एका डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, नाटकं आहेत, दोन दिवस उपाशी ठेवा म्हणजे आपोआप येईल बाहेर. काय करू?

कंदील | १२ जुलै, रात्री ११:१०

पागोळी, आधी एक करा, त्याला ओढून काढणं आजपासून बंद. आमच्या सोनीच्या वेळी आम्ही हीच चूक केली होती. रोज संध्याकाळी तिला पलंगाखालून काढून मांडीवर घ्यायचो, "सवय होईल" म्हणून. तिला सवय झाली ती आमचा हात दिसला की पळायची. लपायची जागा सुरक्षित राहिली नाही तर मांजराला घरात जागाच उरत नाही.

रानजाई | १२ जुलै, रात्री ११:२५

मी पशुवैद्य आहे. बाकी सगळं नंतर बोलू, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. गादीवरची लघवी किती होती, डबकं की चमचाभर? वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन तो कुंथतो का, सारखा आत-बाहेर करतो का, लघवीला रंग आहे का?

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते आणि कधीकधी तो मार्ग पूर्ण बंद होतो. तसं झालं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. आज रात्री जागून बघा. ट्रेमध्ये बसून कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, तसंच निघा.

आणि उपाशी मुळीच ठेवू नका. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि तो वेगळाच गंभीर आजार होऊन बसतो. जाड मांजरांना धोका अधिक.

पागोळी | १३ जुलै, रात्री २:४०

सगळे झोपल्यावर स्वयंपाकघराच्या दाराआड अंधारात बसले होते. सव्वाबाराला तो आला. ट्रेमध्ये गेला, बसला, शेपूट थरथरत होती, काही न करता बाहेर आला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तासाभरात सात वेळा मोजलं. एकदा अगदी बारीक आवाज काढला, मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. तो गेल्यावर मोबाइलच्या उजेडात वाळू पाहिली. लघवीने वाळूचे झालेले तीन लहान लहान गोळे, सुपारीएवढे, आणि एकावर गुलाबी डाग.

रानजाई | १३ जुलै, रात्री २:५५

गोळे आहेत म्हणजे थोडी लघवी होते आहे, मार्ग पूर्ण बंद नाही. पण रक्त आहे. रात्रभर लक्ष ठेवा आणि सकाळी दवाखाना उघडताना तिथे हजर राहा. उलट्या झाल्या, मलूल पडला किंवा गोळे थांबले तर रात्रीच चोवीस तास चालणारा दवाखाना गाठा. माणसांचं दुखण्याचं कुठलंही औषध देऊ नका. पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

पागोळी | १३ जुलै, दुपारी ३:१५

आलो. मार्ग बंद नाही. सोनोग्राफी केली, लघवी तपासली. खडा नाही, जंतुसंसर्ग नाही, मूत्राशयाची भिंत मात्र सुजली आहे. डॉक्टरीणबाईंनी (या दुसऱ्या, फोनवरचे नव्हेत) दुखण्याचं औषध दिलं, ओलं खाणं आणि भरपूर पाणी सांगितलं. मग म्हणाल्या, "याचं उरलेलं औषध तुमच्या घरात आहे. घर बदललंत ते त्याला परत मिळवून द्यायला हवं."

रानजाई, तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून त्याच्या स्वभावाचाच विचार करत बसले असते. मनापासून आभार.

रानजाई | १३ जुलै, रात्री ९:३०

हुश्श. आता निवांत लिहिते.

हा आजार खरा आहे, नाटक नाही. भ्यालेल्या मांजराची मज्जासंस्था सतत पळायच्या तयारीत असते आणि काही मांजरांत त्याचा मार मूत्राशयावर पडतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांनी यावर कित्येक वर्षं काम केलं. अशा मांजरांच्या घरातली मांडणी बदलली, लपायला, चढायला, खेळायला जागा दिली, वेळा ठरावीक ठेवल्या, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं.

तुमच्या बंडूच्या हातात डोंबिवलीला सगळं होतं. कधी बाहेर जायचं, कुठून जायचं, कुणाला टाळायचं, हे तो ठरवायचा. इथे एका दिवसात ते सगळं गेलं. त्याचा स्वतःचा वास असलेली एकही भिंत उरली नाही. मांजर गाल घासत फिरतं ना, ते आपली सही करत असतं. सही नसलेल्या घरात ते चोरासारखं वावरतं. तेव्हा तुम्ही त्याला शांत "करू" नका, त्याला पुन्हा ठरवता येईल अशी सोय करा.

सुरुवात एका खोलीपासून करा. अख्खं घर त्याला आत्ता झेपणार नाही. ज्या खोलीत तो लपला आहे तिथेच खाणं, पाणी, ट्रे, पण एकमेकांपासून लांब. संडासाशेजारी ताट मांडलेलं आपल्यालाही चालत नाही. दुसरा ट्रे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, एका मांजराला दोन. वाळू डोंबिवलीला होती तीच. पाण्याचे दोन-तीन पसरट वाडगे निरनिराळ्या ठिकाणी.

मग खोका. सामानाचे खोके असतीलच. एक आडवा ठेवा, त्याला दोन दारं कापा, म्हणजे आत कोंडी होणार नाही. २०१४ साली नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायचे खोके दिले, काहींना नाही. खोकेवाली मांजरं लवकर रुळली. इतकी साधी गोष्ट आहे.

दिवाणाखाली डोकावू नका. त्याच्यासाठी दिवाणाखालची जागा सध्या अख्खी डोंबिवली आहे.

निरांजन | १४ जुलै, सकाळी ८:००

आमच्याकडे मांजर घाबरलं की मी लॅव्हेंडरचं तेल डिफ्यूझरमध्ये घालते आणि संध्याकाळी धूप करते. मला स्वतःला फार शांत वाटतं, मांजरही झोपून राहतं. करून बघा.

रानजाई | १४ जुलै, सकाळी ९:१०

निरांजन, तुमचा हेतू चांगला आहे, पण कृपया हे बंद करा. कित्येक पदार्थांचा निचरा करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात आपल्यापेक्षा फार तोकडी असते. सुगंधी तेलं फवाऱ्यातून अंगावर बसतात, मांजर अंग चाटतं आणि ती पोटात जातात. टी ट्री तेल तर विषच. झोपून राहणं म्हणजे दर वेळी शांत असणं नव्हे. धूप देवघरात करायचा तर मांजर दुसऱ्या खोलीत आणि खिडकी उघडी.

याच कारणाने लादीला फिनेल नको, त्यातलं फिनॉल मांजराला बाधतं. आणि घरात कुत्राही असेल तर कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन असलं तर मांजर दगावतं.

निरांजन | १४ जुलै, सकाळी ९:४०

बाप रे. डिफ्यूझर काढून ठेवला. खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद.

पागोळी | १४ जुलै, सकाळी १०:०५

आम्ही गादी फिनेलनेच पुसली होती. आता काय करू?

कंदील | १४ जुलै, सकाळी १०:३०

एन्झाइमवालं क्लीनर ऑनलाइन मिळतं, ते भरपूर ओतून मुरू द्या, मग उन्हात. पावसाळ्यात ऊन कुठलं म्हणा, पंख्याखाली ठेवा. आपल्या नाकाला वास गेला तरी त्याच्या नाकाला राहतो आणि तो परत तिथेच जातो. आणि त्याची चादर-गोधडी सगळी एकदम धुवायला काढू नका. निदान एक तरी मळकी राहू दे, त्याच्या अंगाच्या वासाची.

खजूर | १४ जुलै, दुपारी १:२०

दुबईहून. आम्ही दोन वर्षांत तीन घरं बदलली, आमची माऊ दर वेळी आठवडाभर न्हाणीघरात. इथल्या डॉक्टरांनी फेलिवे सुचवलं. मांजर गाल घासून जो गंध सोडतं त्याची कृत्रिम नक्कल भिंतीतल्या प्लगमधून खोलीत पसरते. फ्रान्समध्ये १९९०च्या दशकात निघालं. अत्तरासारखा वास नाही, आपल्याला तर काहीच येत नाही. आमच्या माऊला गुण आला, मेव्हण्याच्या मांजराला अजिबात नाही. पैसे असतील तर जोडीला लावा, पण खोका आणि ट्रे आधी.

शेवरी | १४ जुलै, रात्री ८:४५

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की डोंबिवलीला आता घर उरलेलं नाही. पाडकाम सुरू झालं असेल तर बंडूला तिथे धूळ, जेसीबी आणि दुसऱ्या बोक्यांनी वाटून घेतलेली हद्द मिळेल. मी मालवणला लहानाची मोठी झाले. आमची आजी म्हणायची, मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं. म्हणजे घर बदलणं त्याच्या जातीत आहे, पण नेणारं तोंड आईचं लागतं.

आणि गच्चीला, खिडक्यांना जाळी आहे ना? कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. अकरावा मजला आहे, म्हणून विचारते.

पागोळी | १४ जुलै, रात्री ९:२०

नायलॉनचीच आहे. उद्याच माणूस बोलावते, घरमालकांना विचारून तारेची बसवते. तोवर खिडक्या बंद.

पागोळी | २७ जुलै, दुपारी ४:३०

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. सांगण्यासारखं बरंच आहे.

लघवी सुधारली. गोळे आता लिंबाएवढे, दिवसाला तीन. रक्त नाही.

खोका दिवाणाच्या तोंडाशी ठेवला, आत सासूबाईंची जुनी सुती साडी, न धुतलेली. तीन दिवस त्याने ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या रात्री साडीवर केस दिसले. मुलगी शाळेत जायच्या आधी रोज ते केस बघायची, किती वाढले म्हणून.

पण मला सांगायचंय ते सासूबाईंचं. त्या रोज दुपारी तांदूळ निवडतात. टीव्ही लावून हॉलमध्ये बसायच्या, त्याऐवजी त्या दिवाणाच्या खोलीत चटई टाकून बसायला लागल्या. त्याच्याकडे पाठ करून. मीच सांगितलं होतं की टक लावून बघू नका. तोंडाने हळू हळू काही पुटपुटत असायच्या, कधी मनाचे श्लोक, कधी नुसतं "हो रे, कळतंय मला." असं नऊ दिवस. दहाव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ताटातले तांदूळ तसेच, सासूबाई हलत नव्हत्या. बंडू खोक्यातून अर्धा बाहेर आला होता, पुढचे दोन पाय साडीबाहेर. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले. त्यानेही मिटले. मग पुढे येऊन त्यांच्या पदराच्या टोकाला गाल घासला, एकदाच, आणि परत आत.

त्या रात्री त्या मला म्हणाल्या, "डोंबिवलीचं मी उगाच बोलले."

रानजाई | २७ जुलै, संध्याकाळी ६:००

वाचताना डोळे भरून आले. सासूबाईंनी जे केलं त्यावर इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचा २०२०चा अभ्यास आहे. माणसाने डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडझाप केली की मांजरंही तशीच करतात आणि अशी उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाजवळसुद्धा जास्त येतात. पाठ करून बसणं त्याहून मोलाचं. जो आपल्याकडे बघत नाही तो आपली शिकार करत नाही, एवढं मांजराला कळतं.

पुढची पायरी उंची. डोंबिवलीची कुंपणाची भिंत त्याला इथे द्यायची आहे. कपाटावर चढता येईल असं बघा, स्टूल, मग टेबल, मग कपाट. वर एक खोका. वरून खोली दिसली की भीती अर्धी होते.

शेवरी | २७ जुलै, रात्री ९:००

आणि खेळ! खराट्याचा एक हीर घ्या, टोकाला कोंबडीचं पीस किंवा कापडाची चिंधी घट्ट बांधा. त्याच्या अंगावर नेऊ नका, त्याच्यापासून लांब पळवा, उंदीर पळतो तसं. दोन-तीनदा पकडू द्या आणि लगेच खायला द्या. पकडलं, खाल्लं, अंग चाटलं, झोपलं, हा त्यांचा क्रम आहे. रोज एकाच वेळी, दहा मिनिटं पुरे. खेळ झाला की दोरा-चिंधी कपाटात. दोरा गिळला तर आतड्यात अडकतो, ऑपरेशनची वेळ येते.

आमच्याकडे पावसात खोकली उगवते, तिच्या मुळाला मांजरं वेडी होतात, लोळतात. पण आजारातून उठलेल्या मांजराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पागोळी | १८ ऑगस्ट, रात्री १०:१५

बंडू आता हॉलमध्ये येतो. कपाट त्याचं झालं. त्याला दवाखान्यात न्यायचं कॅरियर कायम उघडं ठेवलंय, आत खाऊ टाकते, कधीकधी तिथेच झोपतो. पोटावर लव आली आहे.

आता धास्ती गणपतीची. आमच्या टॉवरच्या गेटवर सोसायटीचा मांडव आहे. आगमनाला ढोल-ताशा पथक येणार. इतकी मेहनत पाण्यात जाईल का?

रानजाई | १८ ऑगस्ट, रात्री ११:००

एखादा दिवस मागे जाईल, सगळं जाणार नाही. पण तयारी आजपासून करा. घरातली सर्वांत आतली खोली निवडा, जिची खिडकी रस्त्याकडे नाही. तिथे आत्तापासून खाऊ द्यायला लागा, म्हणजे त्या दिवशी ती शिक्षेची खोली वाटणार नाही. खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा जोरात. पंख्याची घरघर बाहेरचा ठोका बोथट करते. आपल्याला ऐकू येणाऱ्या सर्वांत बारीक आवाजापेक्षा कितीतरी वरचे आवाज मांजराला ऐकू येतात. झांजांची ती टोकदार किणकिण त्याला आपल्यापेक्षा जास्त बोचत असेल.

तो लपला तर लपू द्या. कुशीत धरून ठेवू नका, पण आपणहून आला तर जरूर जवळ घ्या. "लाड केले की भीती वाढते" असं काही नसतं.

लघवीचा आजार झालेला आहे म्हणून तुमच्या डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवा. अशा वेळी काही मांजरांना गॅबापेन्टिन नावाचं भीती कमी करणारं औषध देतात, दोन-तीन तास आधी. मात्रा त्यांनीच ठरवायची, आणि गणपतीच्या आधी एकदा शांत दिवशी देऊन बघायची. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर मात्र थेट दवाखाना.

कंदील | १९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पाहुण्यांचंही बघा. दर्शनाला येणारा प्रत्येक जण "मांजर कुठंय, दाखवा" म्हणतो. आम्ही दारावर कागद चिकटवला होता: "आत मांजर झोपलं आहे, दार उघडू नये." लोकांनी ऐकलं.

पागोळी | ३१ ऑगस्ट, रात्री ११:५०

आज आमचे पाच दिवसांचे गणपती गेले. आगमनाला पथक पाऊण तास वाजत होतं. औषध डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलं होतं, ते दिलं. बंडू आतल्या खोलीत कपाटावरच्या खोक्यात. मी जमिनीवर बसून पुस्तक वाचत होते. पहिल्या ठोक्याला कान सपाट झाले, डोळे काळे. पण तो उतरून दिवाणाखाली गेला नाही. वर खोक्यातच राहिला. थोड्या वेळाने खोक्याच्या कडेवरून फक्त कानांची टोकं दिसत होती, ती आधी वाकडी, मग हळूहळू सरळ झाली.

पुढचे दोन दिवस ट्रे तपासत होते. गोळे लिंबाएवढेच.

झुळूक | ४ सप्टेंबर, दुपारी १२:१०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आमच्या मनीचंही असंच चाललंय, सतत पोट चाटते. पण ती तेरा वर्षांची आहे, भूक प्रचंड आणि तरी बारीक होत चालली आहे. मीही खोका ठेवू का?

रानजाई | ४ सप्टेंबर, दुपारी १२:४०

खोका ठेवा, पण आधी रक्त तपासा, थायरॉइड आणि मूत्रपिंड दोन्ही. म्हातारं मांजर खूप खाऊनही वाळत असेल, रात्री ओरडत फिरत असेल, तर ती भीती नसून थायरॉइड वाढलेलं असू शकतं आणि त्यावर औषध आहे. मुंबईत असाल तर परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल आहे, नाहीतर जवळचे डॉक्टर. चाटण्यामागे पिसवा आहेत का तेही बघायला सांगा.

झुळूक | ४ सप्टेंबर, दुपारी १२:५५

उद्याच नेते. इथे लिहीन.

पागोळी | ७ सप्टेंबर, सकाळी ६:२०

झुळूक, मनीचं काय झालं ते नक्की कळवा.

इकडे आज पहाटे साडेपाचला जाग आली. आमच्या मजल्यावर दुधाच्या पिशव्या दाराला टांगून जातात. लिफ्टचं दार वाजलं, पिशवीची सळसळ झाली. उठून बघते तर बंडू दाराशी बसला होता, शेपूट पायांभोवती गुंडाळून, नेमाने बसायचा तसा. मी पिशवी आत घेतली. तो उठला, हॉलच्या भिंतीला गाल घासत खिडकीपर्यंत गेला आणि जाळीपाशी ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीशेजारी जाऊन बसला. अजून ऊन यायचंय तिथे.